दुखणेकऱ्याला घरी आणण्यापूर्वी

कर्करोगासारखे दुखणे फार पुढे गेले, की एक दिवस डॉक्टर म्हणतात, "आता यांना घरी न्यायला हरकत नाही." ऐकणारे त्याचा अर्थ एकच घेतात : डॉक्टरांनी हात टेकले. मग घाईघाईने गाडी ठरते. औषधांची पिशवी मांडीवर घेऊन मंडळी गावी येतात. पहिल्याच रात्री, दोनच्या सुमाराला, दुखणेकरी कण्हू लागतो. पिशवीत सात प्रकारच्या गोळ्या असतात. त्यांतली दुखण्यावरची कोणती, हे कोणालाच सांगता येत नाही. ज्याला ठाऊक होते तो मुलगा शेवटची गाडी पकडून शहरात परत गेलेला असतो. पहाटे पुन्हा गाडी, पुन्हा तालुक्याचा दवाखाना, पुन्हा नवे डॉक्टर आणि तेच प्रश्न.

ही रात्र टाळता येते, हे आज मला सांगायचे आहे. रुग्णाला घरी आणणे म्हणजे त्याला गाडीत बसवणे नव्हे. ती चार दिवस आधीपासून करायची तयारी आहे. ती पुरी झाली की नाही, याची परीक्षा घरची पहिली रात्र घेते.

आधी 'हॉस्पिस' हा शब्द समजून घेऊ. जे दुखणे बरे होणार नाही हे ठरले आहे, अशा रुग्णाच्या वेदना, धाप, मळमळ, जखमा आणि मनाची तगमग यांची काळजी जेथे घेतली जाते, ते हॉस्पिस. आजच्या पद्धतीचे पहिले हॉस्पिस १९६७ साली लंडनमध्ये डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी सुरू केले. या बाई आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या, आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या. दुखते ते केवळ शरीर नव्हे. माणसाचे मन, त्याचे घर आणि त्याची श्रद्धा, सारेच दुखत असते, असे त्यांचे सांगणे होते. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही, की इमारत उभी राहिल्यावर दोनच वर्षांनी, १९६९ साली, तेथल्या परिचारिका रुग्णांच्या घरी जाऊ लागल्या. म्हणजे घर हे हॉस्पिसचेच दुसरे दालन आहे, ही कल्पना आरंभापासूनची आहे.

आपल्याकडे पहिले हॉस्पिस १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे निघाले, ते 'शांती आवेदना सदन'. गोव्यात लोटली येथेही त्याची शाखा झाली. पुण्यास वारजे येथे १९९७ साली सिप्ला संस्थेचे केंद्र सुरू झाले. मुंबईच्या टाटा रुग्णालयातही या कामाचा वेगळा विभाग आहे. अशा ठिकाणी रुग्ण कायमचा ठेवण्यासाठी नेत नाहीत. वेदना आटोक्यात आणायची, औषधाचे प्रमाण बसवायचे, घरच्यांना शिकवायचे आणि मग रुग्णाला त्याच्या माणसांत पाठवायचे, हा तेथला मोठा भाग आहे. तेव्हा घरी पाठवणे म्हणजे उपचार थांबणे नव्हे. उपचाराची जागा तेवढी बदलते.

आता एक घर डोळ्यांपुढे आणू. सातारा जिल्ह्यातले एखादे गाव धरा. सत्तरीचे आप्पा, कर्करोग हाडांत उतरलेला. थोरला मुलगा मुंबईत नोकरीला, धाकटा शेती पाहतो. धाकट्याची बायको घरी, दोन मुले शाळेत जाणारी. आप्पा मुंबईच्या एका हॉस्पिसमध्ये पंधरा दिवस आहेत. वेदना थांबली आहे आणि आप्पा रोज एकच विचारतात, "घरी कधी न्यायचं?"

चांगल्या केंद्रात अशा वेळी घरच्या सगळ्यांना एकत्र बसवतात. डॉक्टर, सिस्टर, समाजसेविका आणि घरची माणसे. पहिला प्रश्न औषधाचा नसतोच.

"रात्री आप्पांजवळ कोण झोपणार?" सिस्टर विचारतात.

"आम्ही सगळे आहोत की," थोरला म्हणतो.

"सगळे म्हणजे कोणीच नाही, दादा. नाव सांगा."

मग सगळ्यांची नजर सुनेकडे वळते. सून मान खाली घालून म्हणते, "मी आहे. मामंजींचं मीच बघीन."

"तुम्ही बघालच, वहिनी," सिस्टर म्हणतात. "पण दिवसा स्वयंपाक, गुरं, पोरांची शाळा तुमच्याकडे, आणि रात्रही तुमच्याकडेच दिली, तर पंधरा दिवसांत त्या घरात दुसरी खाट घालावी लागेल."

श्रोते हो, येथेच पुष्कळ घरांची योजना मोडते. एका बाईच्या कमरेवर सारा भार टाकून आपण त्याला सेवा म्हणतो. म्हणून रात्रीच्या पाळ्या नावानिशी ठरवाव्यात : सोमवार-मंगळवार धाकटा, बुधवार-गुरुवार सून, पुढे पुतण्या किंवा बहीण. थोरल्याने महिन्यातून किती दिवस यायचे आणि खर्चाचा वाटा किती उचलायचा, हेही तेथेच बोलून घ्यावे. मागाहून त्यावरून भावाभावांत कडवटपणा येतो, आणि तो रुग्णाच्या कानावर जातो.

दुसरी गोष्ट, रुग्णाला विचारणे. "आप्पांना काही सांगू नका हं," असे घरची माणसे डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगतात. मायेपोटीच सांगतात. परंतु पंधरा दिवस हॉस्पिसमध्ये राहिलेल्या माणसाला पुष्कळसे उमगलेले असते. तो घरच्यांना जपतो आणि घरचे त्याला. जबरदस्तीने काही सांगावे असे नाही, पण "तुमच्या मनात काय आहे? काय हवंसं वाटतं?" एवढे विचारावे. कोणाला शेताचा तुकडा नावावर करून द्यायचा असतो, कोणाला बहिणीला भेटायचे असते. कोणाला पुन्हा दवाखाना नकोच असतो. हे कळल्याशिवाय केलेली योजना आपली होते, त्यांची होत नाही.

तिसरी गोष्ट, औषधाचा कागद. रुग्णालयातून मिळणारे डिस्चार्ज कार्ड डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेले असते. घरासाठी वेगळा कागद हवा, आणि तो तेथून निघण्यापूर्वी सिस्टरकडून तपासून घ्यावा. त्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत असावे : औषधाचे नाव, ते कशासाठी, किती वाजता, किती गोळ्या, आणि दिल्यावर खूण करायला रिकामी चौकट. वाचता न येणाऱ्या माणसासाठी सकाळी उगवता सूर्य, दुपारी डोक्यावरचा सूर्य, रात्री चंद्र अशी चित्रे काढावीत. गोळ्या मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत ठेवाव्यात, आणि प्रत्येक डबीवर तेच चित्र चिकटवावे. येथे गावच्या गुरुजींचा मोठा उपयोग आहे. असा कागद तयार करणे हे त्यांचे अर्ध्या तासाचे काम. त्या घराला तो महिनाभर पुरतो.

या कागदावर एक गोळी ठळक लिहिलेली असते, ती मॉर्फीनची. तिच्याविषयी गैरसमज फार. अफूपासून निघणारे हे औषध; म्हणून लोक घाबरतात, "नशा लागेल, जीव जाईल." डॉक्टरांनी वेदनेच्या मापाने ठरवून दिलेल्या मॉर्फीनने असे होत नाही, वेदना थांबते, झोप लागते, माणूस चार शब्द बोलू शकतो. आपल्या देशात १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे हे औषध ठेवणे दवाखान्यांना फार कठीण झाले होते. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यता मिळालेल्या संस्थांना ते ठेवणे सोपे झाले. तरीसुद्धा ते गावच्या दुकानात सहसा मिळत नाही. म्हणून आपल्या जिल्ह्यात ते कोठे मिळते, आणायला कोणी जायचे, बरोबर कोणते कागद न्यायचे, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी माणूस निघाला पाहिजे.

मॉर्फीनबद्दल चार नियम पाठ असू द्यावेत. एक : ते घड्याळाप्रमाणे द्यायचे, दुखू लागल्यावर नव्हे. साधी गोळी बहुधा चार-चार तासांनी असते; वेदना डोके वर काढण्याआधीच पुढची मात्रा पोचली पाहिजे. दोन : मधेच कळ उठली तर द्यायची जादा गोळी किती आणि किती वेळा, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. रात्री दोन वाजता उपयोगी पडते ती हीच ओळ. तीन : काही गोळ्या बारा तास हळूहळू काम करणाऱ्या असतात; त्या कधीही फोडू किंवा कुटू नयेत, नाहीतर बारा तासांचे औषध एकदम अंगात जाते. चार : या औषधाने बहुतेक सर्वांना मलावरोध होतो, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून बरोबर चालवावे. आपल्या मनाने इसबगोल देऊ नये. पाणी कमी पिणाऱ्या रुग्णाला त्याने उलट अडथळा होतो. गोळ्या कुलपात, मुलांच्या हाताबाहेर ठेवाव्यात आणि मोजून लिहून ठेवाव्यात. रुग्ण जागा होईना किंवा श्वास फार मंद झाला, तर पुढची मात्रा न देता डॉक्टरांना ताबडतोब विचारावे.

चौथी गोष्ट, घर. रुग्ण येण्याच्या आदल्या दिवशी खाट लागलेली असावी. अगदी आतल्या अंधाऱ्या खोलीत नको, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडावर ओसरीतही नको. माजघरात उजेड, वारा आणि घरातले बोलणे कानी पडेल अशी जागा बरी. खाट फार खाली असेल तर पायांखाली पक्क्या विटा बसवून उंच करावी. उचलणाऱ्याच्या कमरेला आराम पडतो. खाट हलत नाही ना, हे मात्र पाहावे. संडास परसात लांब असेल तर कमोडची खुर्ची, भांडे आणि लघवीची बाटली आधीच आणावी. हवेची गादी भाड्याने घेणार असाल, तर तिला वीज लागते हे विसरू नये. गावात वीज कितीदा आणि किती वेळ जाते ते सिस्टरना सांगावे. त्या पाण्याची गादी किंवा दुसरा उपाय सुचवतील.

पाचवी गोष्ट, हातांचे शिक्षण. ऐकून आलेले काम रात्री आठवत नाही. हाताने केलेले आठवते. निघण्यापूर्वीचे दोन दिवस घरच्याच माणसाने सारे करावे आणि सिस्टरनी नुसते पाहावे. दर दोन तासांनी कूस बदलणे. चादरीने दोघांनी मिळून उचलणे, कारण हाडांत दुखणे उतरलेल्या रुग्णाला दंडाला धरून ओढले तर हाड मोडू शकते. टाचा, माकडहाड, कमरेची हाडे रोज पाहणे. लाल डाग दिसला तर तो चोळू नये. त्या कुशीवर निजवू नये आणि सिस्टरना कळवावे. तोंड मऊ कापडाने, कोमट मिठाच्या पाण्याने दिवसातून तीन-चार वेळा पुसणे. लघवीची पिशवी असेल तर ती नेहमी कमरेच्या खाली ठेवणे. नाकातून नळी असेल तर रुग्णाला टेकून बसवून भरवणे आणि त्यानंतर अर्धा तास आडवे न करणे. धाप लागली तर उशा लावून बसते करावे, खिडकी उघडावी आणि तोंडावर पंख्याचा वारा घालावा. हा साधा उपाय पुष्कळ आराम देतो.

सहावी गोष्ट, प्रवास. शनिवारी रुग्ण घरी आणू नये. दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद, दुकान बंद, आणि अडचण नेमकी तेव्हाच येते. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी निघून उजेड असता घरी पोचावे. १०८ ची गाडी तातडीच्या प्रसंगासाठी असते. परतीची गाडी आपण वेगळी ठरवावी. घाटात मळमळ होते, खड्ड्यांत हाडे दुखतात. म्हणून निघण्यापूर्वी कोणती गोळी किती वेळ आधी द्यायची ते विचारून घ्यावे. कागद, पाणी, भांडे, जादा चादर आणि वाटेतल्या वेळेची औषधे हाताशी असावीत, डिकीत नव्हे.

आता गावाकडची बाजू. रुग्ण पोचण्यापूर्वी गावातल्या तीन जणांना कळवावे : आशाताई, उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी आणि जवळचे डॉक्टर. वेदनाशामक शुश्रूषा ही आता आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या बारा सेवांपैकी एक आहे, आणि काही जिल्हा रुग्णालयांत तिचा विभागही आहे. डॉक्टरांना डिस्चार्ज कार्डाची प्रत नेऊन द्यावी. "रात्री गरज पडली तर याल का?" हे दिवसा विचारावे, रात्री विचारून उपयोग नाही. हॉस्पिसचा, डॉक्टरांचा आणि गाडीवाल्याचा नंबर भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहावा.

आणि शेजारी काय करतील? केरळात १९९३ साली कोझिकोड येथे डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामाची संस्था काढली. पुढे तेथे गावोगावचे साधे लोक शिकून तयार झाले आणि आपल्या वाडीतल्या रुग्णांकडे जाऊ लागले. २००८ साली त्या राज्याने याविषयीचे सरकारी धोरणही केले. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतील; रोज लागतो तो शेजारच. आपल्या गावांत पेरणीला सावड करतात; तशीच सावड येथे का करू नये? एकीने आठवड्यातून दोनदा भाकरी-कालवण द्यावे. एकाने गोळ्या आणायला जावे. एकाने दुपारी दोन तास बसावे, म्हणजे सुनेला डोळा लावता येईल. भेटायला जावे, पण दहा मिनिटेच. आणि नवे औषध, नवा वैद्य, नवा अंगारा सुचवत बसू नये.

शिक्षकांना एक वेगळी विनंती आहे. त्या घरचे मूल वर्गात गप्प बसते, गृहपाठ करत नाही. त्यामागे घरची खाट असते. त्याला शिक्षा करण्यापूर्वी विचारावे. आजोबांना वर्तमानपत्र वाचून दाखवणे, पाणी देणे अशी लहान कामे मुलांकडे असली तर त्यांची भीती कमी होते. सारे दडवून ठेवले तर ती वाढते.

शेवटी, कोणत्या वेळी काय करायचे हेही आधीच ठरवावे. एकाएकी पायांतले बळ गेले, लघवी तुंबली किंवा पाठीत नवी तीव्र कळ आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. मणक्यावर दाब आल्याची ती खूण असू शकते आणि वेळेवर उपाय झाला तर पाय वाचतात. भळभळून रक्त आले किंवा जादा गोळीनेही वेदना थांबली नाही, तरी लगेच फोन करावा. घरी जमेनासे झाले तर पुन्हा हॉस्पिसमध्ये नेता येईल का, हे निघतानाच विचारून घ्यावे. परत नेणे म्हणजे हार नव्हे.

परंतु भूक मंदावणे, झोप वाढणे, हातपाय गार पडणे, श्वासाची लय तुटक होणे, ही आयुष्य संपत आल्याची नेहमीची चिन्हे आहेत. "चार घास तरी खा," म्हणून तेव्हा तोंडात कोंबू नये. शरीर अन्न मागत नसते, आणि घास श्वासनलिकेत जातो. गंगेचे पाणी तोंडात घालण्याची आपली रीत आहे. ते ओतू नये. तुळशीचे पान भिजवून ओठांना लावावे. श्रद्धाही राहते आणि ठसकाही लागत नाही. घसा घरघरू लागला तर कुशीवर वळवावे. या वेळी पुन्हा दवाखाना हवा की नको, हे रुग्णाने सांगितले असेल तर त्याचा मान ठेवावा. असे आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला आणि २०२३ साली त्याची रीत सोपी केली.

घरी मृत्यू झाला तर डॉक्टरांचा दाखला घ्यावा आणि २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करावी. ज्या डॉक्टरांनी आधीपासून रुग्णाला पाहिले आहे, त्यांच्याकडून दाखला अडत नाही. त्यांना आधी भेटण्याचे हेही एक कारण. उरलेले मॉर्फीन दुसऱ्या कोणाला देऊ नये, फेकू नये; जेथून आणले तेथे परत करावे.

श्रोते हो, जगवणे डॉक्टरांच्याही हाती नसते अशी एक वेळ येते. परंतु त्या माणसाला आपल्या घरी, आपल्या माणसांत, वेदनेवाचून निजता यावे, एवढे आपल्या हाती पुष्कळदा असते. त्यासाठी पैसा लागतोच, पण त्याहून अधिक लागते ती आधी बसून केलेली बोलणी, नावानिशी वाटलेल्या पाळ्या आणि भिंतीवर लावलेला एक कागद. आपल्या गावात असा रुग्ण येणार असल्याचे कानी आले, तर तो पोचण्याची वाट पाहू नका. त्याच्या घरी जा आणि विचारा, "रात्री कोण बसणार आहे? एक दिवस मी येतो."